विकतचा एकान्त आणि बेटामागची वस्ती

गेल्या महिन्यात एका जिल्हा मेळाव्यात चळवळीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने व्यासपीठावरूनच आम्हाला टोला हाणला. "आमचे वकीलसाहेब हल्ली समाजाच्या वस्तीत दिसत नाहीत, मालदीवच्या बेटावर दिसतात," असे ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण बातमी खरी होती. लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून आम्ही उभयता मालदीवमधील एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये चार रात्री राहून आलो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण टोला मनात राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हिशेब देतो. आमच्या सहचारिणी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, त्यांनी कित्येक महिने स्वतःच्या मुलांना जवळ घेतले नाही. दाराबाहेर कपडे बदलून त्या वेगळ्या खोलीत झोपत असत. त्यानंतर त्यांनी पोस्टात दोन वर्षे पैसे साठवले आणि म्हणाल्या, "चार दिवस मला कोणी सिस्टर म्हणून हाक मारणार नाही, अशा ठिकाणी घेऊन चला." त्या पैशांत एखाद्या गरीब विद्यार्थ्याची वर्षभराची खानावळ भागली असती, हे आम्हाला कळते. आम्ही तो हिशेब घरात मांडला होता. तरीही गेलो. कष्टकऱ्याने विश्रांती घेऊ नये, असे बाबासाहेबांनी कुठे सांगितले आहे? मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनीच केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९४५ साली ती तरतूद फॅक्टरी कायद्यात आली. रजा ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, एवढे तरी त्यातून आपण शिकलो असलो पाहिजे.

सहलीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण. १९३४ साली सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाण्याचा आग्रह धरला आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी सुमारे तीस जण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्यापाशी असलेल्या तळ्यावर हातपाय धुतले आणि तळे बाटवले म्हणून केवढा गहजब झाला, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात नोंदवून ठेवले आहे. मालेच्या विमानतळावर आमच्या पासपोर्टावर तीस दिवसांच्या व्हिसाचा शिक्का पडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. भारतीयांना तो तिथे पोहोचल्यावर फुकट मिळतो. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने आडनाव वाचले, पण त्यावरून त्याला काहीच बोध झाला नाही. आडनावावरून कोणालाच काही बोध होत नाही, हा अनुभव आमच्यासारख्यांना महाराष्ट्रात क्वचितच येतो.

तिथून पाण्यावर उतरणारे छोटे विमान. वैमानिक अनवाणी होता, याचे आमच्या सहचारिणींना भारी कौतुक वाटले. खोली म्हणजे समुद्रात खांब रोवून त्यांवर बांधलेले लाकडी घर. पलंगाशेजारी जमिनीत काच बसवलेली, तिच्याखालून मासे जाताना दिसतात. निघण्यापूर्वी आम्ही आईला फोटो दाखवले होते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. दर पावसाळ्यात पाणी घरात शिरायचे, तेव्हा आई आम्हा भावंडांना उतरंडीशेजारच्या माचावर बसवून रात्र काढायची. फोटो पाहून ती म्हणाली, "पाण्यातल्या घराला पैसे मोजता व्हय? आपुन तर दरसाल फुकटच राहत होतो." पहिल्या रात्री लाटांचा आवाज ऐकताना आम्हाला झोप आली नाही, त्याचे कारण समुद्र नव्हता, तो ओढा होता.

या एकान्ताची व्यवस्था कशी आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांतल्या जेमतेम दोनशे बेटांवर लोक राहतात. पहिले रिसॉर्ट १९७२ साली सुरू झाले. तेव्हापासून धोरण असे की एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. निर्जन बेट सरकारकडून भाडेपट्ट्याने घ्यायचे आणि त्यावर स्वतःची वीज, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, सांडपाण्याची सोय आणि नोकरांची वस्ती उभी करायची. तांदूळ, भाजी, फळे, सारे बाहेरून येते. कचरा जातो तिलाफुशी नावाच्या बेटावर. तिथले उथळ पाणी १९९० च्या दशकापासून कचरा टाकून भरत आणले आहे. वस्तीच्या बेटावर दारूला बंदी आणि अंगभर कपड्यांचा नियम. रिसॉर्टच्या बेटावर दारू आणि पोहण्याचे तोकडे कपडे दोन्ही चालतात. देश एक, कायदा एक, पण डॉलर देणाऱ्याच्या भोवतीचे पाणी ओलांडताना तो कायदा थबकतो. बिलात मात्र तो थबकत नाही. २०२५ पासून प्रत्येक माणशी प्रत्येक रात्रीचा हरित कर १२ डॉलर, पर्यटनावरील कर १७ टक्के आणि वर १० टक्के सेवाशुल्क. शेवटच्या दिवशी बिल हातात आले तेव्हा वकिली विसरून आम्ही ते तीन वेळा वाचले.

तिथे सारे काही जोडप्यासाठी असते. दोन खुर्च्या, दोन पेले, वाळूत दोघांसाठीच मांडलेले टेबल. दारावर 'त्रास देऊ नये' अशी पाटी लावली की दिवसभर कोणी फिरकत नाही. वीस वर्षांत आम्ही दोघांनी इतका वेळ एकमेकांशी बोलण्यात कधी घालवला नव्हता. पहिल्या दिवशी मुलांची शिक्षणे आणि रुग्णालयातील बदल्या हे विषय संपले. दुसऱ्या दिवशी काय बोलावे हेच कळेना. तिसऱ्या दिवशी आमच्या सहचारिणींनी लग्नाच्या वेळच्या एका जुन्या रागाचा विषय काढला आणि तो दोघांनी मिळून पहिल्यांदा नीट संपवला. हे सुख खरे आहे, ते नाकारण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही.

पण ती पाटी पाहून आम्हाला आमच्या कार्यालयात येणारी जोडपी आठवली. मुलगा आपल्या वस्तीतला, मुलगी गावातील सधन घरची, किंवा उलट. ती येतात तेव्हा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. "साहेब, चार दिवस कुठे राहायचं?" हा असतो. लॉजवाला ओळखपत्र मागतो, आडनावे वेगळी दिसली की कपाळाला आठ्या घालतो आणि कधी कधी फोन करून मुलीच्या घरच्यांना खबरही पोहोचवतो. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. त्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती निबंधकाच्या कार्यालयात फलकावर लागते. म्हणजे ज्यांना लपून राहणे भाग आहे त्यांचाच पत्ता जाहीर! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात सुरक्षित निवाऱ्याचा विचार करावा, असे राज्यांना सांगितले. असा निवारा तुमच्या जिल्ह्यात कुठे आहे, हे वाचकांनी एकदा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून पाहावे. दारावर 'त्रास देऊ नये' ही पाटी ज्यांना जीव वाचवण्यासाठी हवी, त्यांना ती मिळत नाही. आम्हाला ती मिळाली, कारण आम्ही डॉलर मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सहचारिणी बाहेरच्या लाकडी ओट्यावर बसून एक भीमगीत गुणगुणत होत्या. खोलीत चादरी बदलणारा तरुण थांबला. आधी त्याने आम्हा दोघांकडे पाहिले, मग दाराकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जयभीम, ताई. तुम्ही महाराष्ट्रातले?" नांदेड जिल्ह्यातला पोरगा. गावाकडे आई शेतमजूर. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतलेली. मुंबईतल्या एका एजंटाने एक लाख तीस हजार घेतले, स्वागतकक्षात नोकरी असे सांगितले आणि इथे आल्यावर हातात चादरी दिल्या. "काम वाईट नाही साहेब," तो म्हणाला, "पण खोटं का सांगितलं?"

त्याला जास्त वेळ थांबता येत नव्हते. संध्याकाळी त्याची पाळी संपल्यावर आम्ही बेटाच्या मागच्या बाजूला चालत गेलो. आमच्या खोलीपासून जेमतेम सात मिनिटांची वाट. केवड्याच्या जातीच्या झाडांची दाट कुंपणरांग, तीत एक फाटक आणि त्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' ही पाटी. पलीकडे जनरेटरची घरघर, पत्र्याची छपरे, दोऱ्यांवर वाळत घातलेले गणवेश. एका खोलीत चार जण. त्यांत बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकेचा, आपला. समोर एवढा समुद्र, पण पाहुण्यांच्या किनाऱ्यावर कामाशिवाय पाऊल टाकायचे नाही. आठ महिन्यांत तो मुलगा त्या निळ्या पाण्यात एकदाही उतरला नव्हता. त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. पोहता येते का, असे आम्ही विचारले, तेव्हा उत्तरात आले.

गावाचे कुंपण आणि त्यामागची वस्ती, हे चित्र ज्याच्या डोळ्यांत जन्मापासून आहे त्याला ते फाटक पाहून काय वाटले असेल, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. तरीही घाईने तुलना करून टाळ्या मिळवण्याचा मोह आम्ही टाळतो. हे कुंपण जातीचे नाही. त्या पोराच्या हातचे पाणी कोणी नाकारत नाही, त्याने लावलेले ताट कोणी फेकत नाही. दरमहा पगार होतो. मालदीवच्या २००८ च्या रोजगार कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा दिलेली आहे. आणि सर्वांत मोठा फरक असा की तिथून माणूस राजीनामा देऊन निघू शकतो. महारवाड्याचा राजीनामा देण्याची सोय नव्हती. त्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. पण त्या पोराचा पासपोर्ट त्याच्याजवळ नव्हता. 'सांभाळण्यासाठी' कचेरीच्या कपाटात ठेवला होता. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर राजीनामा कुठल्या खिशात ठेवायचा?

आमच्या सहचारिणी परत येताना एवढेच म्हणाल्या, "आपल्याला कोणी त्रास देऊ नये म्हणून किती जणांना तिकडे बसवून ठेवलं आहे." आमच्या गावात आम्हाला बाहेर ठेवून गाव सुखी होता. इथे पैसेवाले स्वतः सगळ्यांपासून दूर जातात आणि दूर राहता यावे म्हणून चादर बदलणारा, जेवण आणणारा, वाळू झाडणारा असे शंभर हात जवळ ठेवतात. मात्र नजरेआड. त्या चार रात्री त्या पैसेवाल्यांत आम्हीही होतो, हे नोंदवून ठेवतो.

निर्जन बेट म्हणून जे विकले जाते ते नेहमी निर्जनच होते, असेही नाही. माले शहराजवळ गिरावरू नावाचे बेट आहे. तिथले लोक स्वतःला या द्वीपसमूहाचे मूळ रहिवासी मानत. इतर त्यांना कमी लेखत. संख्या घटली म्हणून १९६८ साली त्यांना तिथून उठवून हुलुले बेटावर नेले. पुढे विमानतळासाठी हुलुलेची जमीन हवी झाली, तेव्हा तिथूनही हलवून मालेत मिसळून टाकले. त्यांचे गिरावरू बेट नंतर रिसॉर्ट झाले. ज्या विमानतळावर आमच्या पासपोर्टावर शिक्का पडला, तो त्याच हुलुलेवर आहे. धरणग्रस्त आणि प्रकल्पग्रस्तांचे दावे चालवताना आम्ही जो शब्द रोज वापरतो, तो 'विस्थापित' हा शब्द सुट्टीवरही पाठ सोडत नाही.

आता जी गोष्ट या दैनिकाच्या वाचकांनी जाणून घेतलीच पाहिजे, ती. घरातून निघताना सहचारिणींनी नेहमीप्रमाणे प्रवासाच्या पिशवीत हातभर उंचीची नव्हे, बोटभर उंचीची बुद्धमूर्ती ठेवली होती. आम्ही नियम वाचले आणि ती काढून ठेवायला सांगितली. पूजेसाठी मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. २००८ च्या त्यांच्या संविधानाप्रमाणे मुस्लिमेतराला नागरिकत्वही मिळत नाही. म्हणून आम्ही रोज पहाटे समुद्राकडे तोंड करून मनातल्या मनात त्रिशरण पंचशील म्हटले.

आणि हा देश एकेकाळी बौद्ध होता! बाराव्या शतकापर्यंत, म्हणजे ११५३ साली राजाने इस्लाम स्वीकारेपर्यंत, या बेटांवर स्तूप आणि विहार होते. इंग्रज अधिकारी एच. सी. पी. बेल यांनी १९२० च्या दशकात दक्षिणेकडील बेटांवर त्यांचे अवशेष मोजले आणि लिहून ठेवले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोड्डू बेटावर पोवळ्याच्या दगडाची मोठी बुद्धमूर्ती सापडली. बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका ताम्रपटात विहार मोडल्याची आणि भिक्खूंना मालेला आणून त्यांचा शिरच्छेद केल्याची नोंद आहे. म्हणजे धर्म बदलला तो सगळाच राजीखुशीने नव्हे. मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात उरल्यासुरल्या मूर्ती होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष नशीद पायउतार झाले त्या गोंधळात जमाव आत शिरला आणि सुमारे तीस मूर्ती फोडून गेला. आम्ही परतीच्या दिवशी मुद्दाम संग्रहालयाच्या दारापर्यंत गेलो. शुक्रवार होता, त्यांच्या सुट्टीचा दिवस. दाराला कुलूप होते.

हे वाचून ज्यांना मुसलमानांच्या नावाने बोटे मोडण्याची संधी मिळाली असे वाटेल, त्यांना एकच विचारतो. ज्या बोधगयेत सिद्धार्थाला संबोधी प्राप्त झाली, तिथल्या महाबोधी विहाराच्या समितीत १९४९ च्या कायद्याने बौद्धांच्या बरोबरीने हिंदू सदस्य बसवले आहेत आणि अध्यक्ष गयेचे जिल्हाधिकारी आहेत. हे कोणत्या मुस्लिम राजाने केले? २०२५ साली भिक्खू तिथे आंदोलनाला बसले, तेव्हा मालदीववर बहिष्कार घाला म्हणून २०२४ साली ओरडणारे किती जण त्यांच्याकडे फिरकले?

मूर्ती फुटल्या तरी भाषा फुटत नाही. परतीच्या होडीतला सुकाणूवाला आमच्या सहचारिणींना त्यांच्या दिवेही भाषेतले आकडे शिकवत होता. एके, दे, तिने, हतरे, फहे. पाण्याला ते 'फेन' म्हणतात. "ही तर आपल्या पालीची नातलग," असे त्या म्हणाल्या. खरेच आहे. ती भाषा सिंहलीची बहीण, पाली-प्राकृताच्याच घराण्यातली. तो मुसलमान नावाडी आणि आम्ही बौद्ध, दोघेही आकडे एकाच शब्दांच्या घराण्यात मोजत होतो.

त्या टोला हाणणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही नंतर घरी चहाला बोलावले आणि नांदेडच्या पोराची पावती दाखवली. जाण्यापूर्वी त्याने फोनवर तिचा फोटो पाठवला होता. पावतीवर एजंटाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे की ठरलेली जागा न मिळाल्यास निम्मी रक्कम परत देऊ. अशी पावती घेण्याची अक्कल त्या पोराला कुठून आली, असे ज्येष्ठांनी विचारले. "आईनं सांगितलं होतं, अंगठा उठवायचा नाही आणि कागद घेतल्याबिगर पैसा द्यायचा नाही," असे तो आम्हाला म्हणाला होता.

ज्यांची मुले परदेशी नोकरीला निघाली आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते आणि ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. आणि पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे. तो मालकाने कपाटात घालून ठेवण्याची वस्तू नाही. अडचण आली तर तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे लेखी तक्रार करावी. या पोराने ती केली आहे. पासपोर्ट त्याला परत मिळाला, असा निरोप परवाच आला.

त्याची रजा ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली आहे. आईला घेऊन तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणार आहे. एजंटाने मात्र अजून पैसे दिलेले नाहीत. त्याच्या मुंबईच्या पत्त्यावर आम्ही गेल्या सोमवारी नोटीस पाठवली असून तिची मुदत पंधरा दिवसांची आहे.